आहे त्यात भागवणारा प्रशिक्षक

खालिद जमील यांचा वर्धा जिल्ह्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्म कुवेतचा, फुटबॉल मुंबईचे, नाव झाले ते मिझोराममध्ये आणि आताची जबाबदारी देशाच्या संघाची. तरीही त्यांच्या कारकिर्दीवरचे हे पुस्तक वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीच्या पोरांच्या हाती पडावे, आणि पोरांच्याही आधी त्यांना मैदानावर नेणाऱ्या पी.टी.च्या सरांच्या हाती पडावे, असे मला वाटते. मुंबई-पुण्यात फुटबॉलवर बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डी आणि कुस्तीतून वेळ उरला तर फुटबॉल. म्हणून लेखकाने प्रस्तावनेची गळ घातली तेव्हा मी एकच अट ठेवली : वाचक म्हणून वर्ध्याचा माणूस समोर धरूनच लिहीन. ती त्यांनी मान्य केली, तेव्हा पुढे जे येईल त्याचा दोष त्यांच्याकडे नाही.

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जमील यांना पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमले. अर्ज १७० आले होते. चाळणीतून तीन नावे उरली : याआधी दोनदा भारताला शिकवून गेलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाच्या संघाला युरो स्पर्धेत नेणारे स्टेफान तार्कोविच आणि जमील. २०१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा पायउतार झाले. त्यानंतर हॉलंडचे विम कूवरमान्स, मग कॉन्स्टंटाइन, क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच, स्पेनचे मानोलो मार्केझ अशी परदेशी रांग लागली होती. तेरा वर्षांनी त्या जागेवर भारतीय माणूस आला.

वर्तमानपत्रांनी 'आपला माणूस' म्हणून गुलाल उधळला. मला तो आनंद पुरता पटला नाही. त्या दिवसांत महासंघाची अवस्था काय होती ते आठवा. इंडियन सुपर लीगच्या आयोजकांशी असलेला करार संपत आला होता, नवा होत नव्हता, आणि जुलैत लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला होता. स्टिमॅच यांना मुदतीआधी काढल्याची भरपाईही आदल्याच वर्षी मोजावी लागली होती. घरात चणचण असली की लग्नाला बाहेरचा आचारी बोलवत नाहीत, भाऊबंदांतल्याच कोणाला तरी कढईशी बसवतात. नेमणुकीत हा भाग मोठा होता, असा माझा तर्क आहे. जमील यांच्या लायकीबद्दल मला शंका नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ असे लागोपाठ दोन हंगाम महासंघानेच त्यांना वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले होते. शंका आहे ती बोलावणाऱ्यांच्या हेतूची. आणि जमील यांची सगळी कारकीर्द अशाच बोलावण्यांनी भरलेली आहे. कोणीतरी हंगामाच्या मध्येच गेले, पैसे आटले, संघ तळाला लागला, की खालिदला बोलवा. पुस्तकाचा खरा विषय मला तरी तोच वाटतो.

२१ एप्रिल १९७७ चा त्यांचा जन्म. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. तिथल्या भारतीय वस्तीची घडी विस्कटली. दीड लाखाहून अधिक लोकांना एअर इंडियाने अम्मानमार्गे मायदेशी आणले. जमील कुटुंबही आखाती युद्धाच्या त्या उलथापालथीत भारतात आले. पुढे हा मुलगा ज्या संघांतून खेळला त्यांत एक एअर इंडियाचाच होता. हा निव्वळ योगायोग, पण एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण नाके मुरडली असती.

तेव्हाच्या मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्यांचे फुटबॉल. महिंद्र, एअर इंडिया, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ. खेळाडू म्हणून भरती व्हायचे, हजेरीपटावर नाव चढायचे, सकाळी सराव आणि जमेल तेव्हा कचेरी. कूपरेज हे त्यांचे मैदान आणि १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप हा त्यांचा सण. पैसा फार नव्हता, पण पगार वेळेवर होता आणि खेळणे थांबल्यावर पोटाची चिंता नव्हती. विदर्भातल्या खेळाडूंनाही ही वाट ओळखीची आहे : रेल्वे, पोलीस, बँक, वेकोलि. खेळ म्हणजे नोकरीचे दार, ही समजूत आपल्याकडे अजून गेलेली नाही, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही.

जमील मधल्या फळीत खेळत. एअर इंडियाकडून खेळले, महिंद्रकडून खेळले, नव्वदच्या दशकाच्या शेवटी भारताच्या संघात आले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग महिंद्र युनायटेडने जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. एका भारतीय प्रशिक्षकाच्या हाताखाली भारतीय संघ देशात पहिला येतो, हे जमील यांनी ड्रेसिंग रूममधून पाहिले. मला ही गोष्ट मोलाची वाटते. दुखापतींनी मात्र त्यांना सुखाने खेळू दिले नाही. २००७ मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीकडे ते गेले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबाचे प्रशिक्षक झाले. पहिले पद मिळाले ते असे, घरातल्या घरात.

तोवर त्यांना घडवणारी व्यवस्थाच मोडत आली होती. रोव्हर्स कप २००१ नंतर बंद पडला. २०१० मध्ये महिंद्रने संघ गुंडाळला. कंपन्यांना आता फुटबॉल परवडत नव्हते किंवा नको होते. नवे क्लब निघाले त्यांच्याकडे नोकरी नव्हती, फक्त हंगामापुरते करार होते. खेळाडूंचे जे झाले तेच प्रशिक्षकांचे.

मुंबई एफसी पैशाने लहान संघ होता. समोर कोलकात्याचे दोन थोरले क्लब, गोव्याचे धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, आणि २०१३ पासून बंगळुरू एफसी. अशा आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, सात हंगाम जमील यांनी हा संघ खालच्या विभागात घसरू दिला नाही. चषक एकही नाही. त्यांचे सामने पाहणाऱ्याला करमणूक अशी मिळत नसे. मी पाहिले आहेत, जांभया आवरत पाहिले आहेत. अकरापैकी नऊ-दहा जण चेंडूच्या मागे, बचावफळी आणि मधली फळी यांच्यात हातभर अंतर, चेंडू हाती लागला की लांब फटका, आणि थ्रो-इन किंवा कॉर्नर मिळाला की जणू पेनल्टीच मिळाल्यासारखी तयारी.

पण त्या कंटाळ्यामागे हिशेब होता. ज्या संघाकडे सामना एकट्याने फिरवणारा खेळाडू घ्यायला पैसे नाहीत, त्याने मोकळे फुटबॉल खेळायचे ठरवले तर पाच गोल खाऊन घरी यायचे. चेंडू जास्त वेळ आपल्याकडे राहावा यासाठी झगडण्यापेक्षा समोरच्याने तो कुठे घेऊन फिरावे एवढे आपण ठरवायचे : मैदानाच्या कडेला खुशाल फिरा, मधोमध वाट नाही. आणि चेंडू थांबलेला असतो त्या क्षणी, म्हणजे कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन यांच्या वेळी, गरीब आणि श्रीमंत संघांतले अंतर सर्वांत कमी असते. तिथे कौशल्यापेक्षा तालीम लागते, आणि तालमीला पैसे पडत नाहीत. तालुक्याच्या मैदानावर पंधरा पोरे आणि तीन चेंडू घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकाने या पुस्तकातून एवढीच एक गोष्ट उचलली तरी त्याचे पैसे वसूल झाले.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला. पुढच्याच हंगामात तो क्लब तळाला जाऊन खाली घसरला आणि नंतर बंदच पडला. त्याच हंगामात जमील देशाचे विजेते प्रशिक्षक झाले. सूड म्हणून ही गोष्ट फार छान वाटते, पण सूडाचा त्यात काही संबंध नव्हता. ती मिझोरामची गोष्ट आहे.

ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता. म्हणजे घरी बसायचे. तेवढ्यात लीगच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ गोव्याचे तीन क्लब बाहेर पडले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला परत घेतले गेले. म्हणजे क्लबही मागच्या दाराने आत आलेला आणि प्रशिक्षकही कामावरून काढलेला. जमील यांनी मुंबईहून दोन ओळखीचे खेळाडू नेले : बचावपटू आशुतोष मेहता आणि मधल्या फळीतला जयेश राणे. गोलरक्षक गोव्याचा अल्बिनो गोम्स. सीरियाचा महमूद अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी बहुतेक मिझो पोरे.

वर्ध्याच्या वाचकाने इथे जरा रेंगाळावे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख. सबंध मिझोराम राज्याची १० लाख ९७ हजार. आपल्या आठ तालुक्यांत जेवढी माणसे आहेत त्यांहून कमी माणसांच्या राज्यातला क्लब मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू यांना मागे टाकून पहिला आला. चमत्कार म्हणून यावर बोलणे सोपे आहे. पण मिझोराममध्ये २०१२ पासून राज्याची स्वतःची प्रीमियर लीग होती, तिचे सामने स्थानिक केबल वाहिनी घरोघर दाखवत होती, कृत्रिम गवताची मैदाने होती आणि २०१४ मध्ये त्या राज्याने संतोष करंडकही जिंकला होता. जमील गेले तेव्हा पीक उभे होते. त्यांनी त्याला बचावाची शिस्त दिली आणि कोणावर केव्हा विसंबायचे ते अचूक ओळखले. श्रेय वाटताना हे विसरू नये. लेखक त्या प्रकरणात भक्तीच्या भरात ते थोडे विसरले आहेत, असे मला वाटले.

२१ एप्रिल २०१७ ला जमील चाळीस वर्षांचे झाले. दुसऱ्या दिवशी ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागान. सामना बरोबरीकडे सरकत असताना शेवटच्या दहा मिनिटांत बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे याने डोक्याने गोल केला. १-०. आता अखेरच्या सामन्यात एक गुण पुरेसा होता. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध ऐझॉलने सुरुवातीलाच गोल खाल्ला, आणि तिकडे कोलकात्यात बागान जिंकत होते. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

याचे बक्षीस काय? सुपर लीगमध्ये ऐझॉलला जागा मिळाली नाही. क्लबाने निषेध केला, उपोषणाचा इशारा दिला, पत्रे गेली. देशातली थोरली लीग आता शहरांच्या आणि पैशांच्या हिशेबाने चालणार होती, तिथे मैदानावरच्या गुणांना प्रवेश नव्हता. भारतीय फुटबॉलच्या कारभाराबद्दल मला जे म्हणायचे आहे ते या एका निर्णयात सगळे आले. त्यावर शाई खर्च करत नाही.

कोलकात्याची दोन वर्षे लेखकाने सविस्तर रंगवली आहेत, ती त्यांच्याकडूनच वाचावीत. मी एवढेच नोंदवतो : ईस्ट बंगालसह २०१७ ची कलकत्ता लीग जिंकली, आय-लीग जिंकता आली नाही, म्हणून गेले, जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानने हंगामाच्या मध्यावर बोलावले, हंगामाबरोबर तेही संपले. कोलकात्यात प्रशिक्षकाला दुसरे स्थान म्हणजे शिक्षाच असते.

आता मी ज्याला गाभा म्हणतो तो भाग. सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि त्याच्या हाताखाली एक भारतीय सहायक, असा रिवाज पडला होता. सहायक भारतीय असावा हा तर नियमच होता. सहायकाने काय करायचे? सराव लावायचा, हिंदीत समजावून सांगायचे, आणि साहेब चिडून गेले की चार सामने संघ सांभाळायचा. नवे साहेब आले की पुन्हा बाकावर. जमील २०१९ मध्ये गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे याच कामावर गेले. तिथे रॉबर्ट यार्नी गेले तेव्हा हंगामी. जानेवारी २०२१ मध्ये हेरार्ड नूस गेले तेव्हा पुन्हा हंगामी. करोनामुळे तो हंगाम सगळा गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये चालला होता. जमील यांच्या हाती आल्यावर नॉर्थईस्ट साखळीतला एकही सामना हरला नाही आणि तिसऱ्या स्थानावर जाऊन उपान्त्य फेरीत पोचला. सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने संघाला बाद फेरीपर्यंत नेण्याची ती पहिली वेळ. उपान्त्य फेरीत एटीके मोहन बागानने दोन सामन्यांत मिळून एका गोलाने हरवले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच क्लबाने त्यांना कायमचे मुख्य प्रशिक्षक केले. लीग सुरू होऊन सात वर्षे झाली होती, आणि पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक होणारे ते पहिले भारतीय ठरले. पहिले. ज्या देशात ही लीग चालते त्या देशाचा पहिला माणूस, सात वर्षांनी. हा आकडा मी दोनदा तपासून घेतला.

आणि मग तो हंगाम साफ फसला. अकरा संघांत दहावा क्रमांक. पुस्तकात या हंगामाला जेमतेम दीड पान मिळाले आहे. मला तो विजेतेपदाच्या हंगामाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चांगले खेळाडू निघून गेले होते, दुखापती होत्या, हे खरे. पण हेही खरे की बचावावर बेतलेल्या फुटबॉलला पहिला गोल खाल्ल्यावर उत्तर उरत नाही, आणि त्या वर्षी नॉर्थईस्टने पहिला गोल वारंवार खाल्ला. जमील यांच्या पद्धतीची मर्यादा तिथे उघडी पडली. परदेशी माणूस असता तर दुसरा क्लब तयार होता. भारतीय प्रशिक्षकाला एक पडता हंगाम म्हणजे पुन्हा पायथ्यापासून. जमील खालच्या विभागातल्या बंगळुरू युनायटेडकडे गेले. आणि जमील एकटेच नव्हते : क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्या माजी खेळाडूने एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी प्रशिक्षक म्हणूनच. पुढच्या हंगामात ओडिशाच्या बाकावर स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. चषक जिंकूनही जागा पक्की होत नाही, मग दहावा आलेल्याची काय कथा.

डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरने स्कॉट कूपर यांना सोडले आणि पुन्हा तोच फोन. या वेळी मात्र निकाल टिकले. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर साखळीत पाचवे आले, बाद सामन्यात त्यांनी नॉर्थईस्टलाच २-० ने हरवले, उपान्त्य फेरीतला पहिला सामना मोहन बागानविरुद्ध जिंकला आणि दुसरा गमावला. त्याच वर्षी सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३. हातात पुन्हा काही नाही. पण सुपर लीगच्या बजेटांकडे पाहिले तर तो संघ जिथे पोचायला हवा होता त्याच्या बराच पुढे पोचला होता, आणि हे ओळखायला महासंघालाही वेळ लागला नाही.

राष्ट्रीय संघाबरोबरची सुरुवात त्यांच्या स्वभावाला साजेशी झाली. भारताचे तेव्हाचे जागतिक क्रमवारीतले स्थान १३३. मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स कप तोंडावर, मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, सुनील छेत्री संघात नाही. २९ ऑगस्ट २०२५ ला हिसोर येथे यजमान ताजिकिस्तानला २-१ ने हरवले. दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन, आणि गुरप्रीतसिंग संधूने एक पेनल्टी अडवली. मुंबई एफसीचे जुने प्रेक्षक हे वाचून गालात हसले असतील. इराणने ०-३ ने हरवले, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली आणि तिसऱ्या जागेच्या सामन्यात क्रमवारीत कितीतरी वर असलेल्या ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले.

मग वास्तव आले. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरमध्ये १-१, आणि १४ ऑक्टोबरला मडगावच्या घरच्या मैदानावर आधी गोल करूनही १-२. तिथेच दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने ०-१ ने हरवले. बावीस वर्षांत त्यांनी भारताला हरवले नव्हते. पात्रता फेरीचे पहिले दोन सामने मार्केझ यांच्या काळात हातचे गेले होते, हे जमील यांच्या बाजूने सांगता येते. तरी मडगावचा पराभव त्यांचाच. आघाडी घेतल्यावर ती राखणे हे ज्यांचे सबंध आयुष्याचे काम, त्यांच्या संघाने ती गमावावी, याला बचाव नाही.

पुस्तक इथे थांबते आणि मला ते योग्य वाटते. निकाल पुढे काहीही लागोत, प्रशिक्षक कसा घडतो हे सांगायला एवढी कारकीर्द पुरे आहे.

भारतीय प्रशिक्षकाला राष्ट्रीय संघ झेपत नाही असे म्हणणाऱ्यांनी सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव आठवावे. हैदराबादचे रहीम शाळामास्तर होते. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधले चौथे स्थान त्यांच्या खात्यावर आहे. जकार्तात १९६२ चा अंतिम सामना दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ ने जिंकला तेव्हा कर्करोग त्यांच्या शरीरात पसरला होता. दुसऱ्या वर्षी ते गेले. त्या संघातले पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. म्हणजे खेळाडूतून प्रशिक्षक, आणि प्रशिक्षकाच्या हातून पुन्हा प्रशिक्षक, ही साखळी आपल्याकडे होती. ती कोणी परक्याने तोडली नाही.

वर्ध्यात प्रस्तावना लिहायची म्हणजे सेवाग्रामला वळसा घालावाच लागतो असा इथला रिवाज आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहींचे फुटबॉल संघ होते, त्यामुळे गांधीजींना या पुस्तकात ओढणे अवघडही नाही. मी ते टाळतो. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न साधा आणि आजचा आहे.

आपली भारी काळी जमीन कपाशीला उत्तम आणि फुटबॉलला वाईट. सुब्रतो कपच्या शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात, तेव्हा मैदानात बूट रुततात; उन्हाळ्यात त्याच मैदानाला पाय अडकेल अशा भेगा. जिल्ह्यातून जिंकलेला संघ नागपूर विभागात जातो आणि तिथे कामठीच्या पोरांशी गाठ पडते. कामठीला छावणीपासूनची फुटबॉलची परंपरा आहे, गल्लीगल्लीत चेंडू आहे. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिले, त्यावर सिनेमाही निघाला. वर्ध्यापासून हे सगळे शंभर किलोमीटरच्या आत आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले, फोटो निघाले. चेंडू आले, प्रशिक्षक आले नाहीत.

आपले क्रीडाशिक्षक बहुधा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात किंवा नागपुरात शिकून येतात. १९१४ सालची ही अमरावतीची संस्था. तिचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्या शिक्षणाबद्दल मला आदर आहे. पण शारीरिक शिक्षणाची पदवी आणि फुटबॉल प्रशिक्षकाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याच्या शिडीवर 'डी', मग 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर 'प्रो'. प्रत्येक पायरीला वर्ग, प्रत्यक्ष सरावाची परीक्षा आणि मध्ये काही काळ संघाबरोबर काम. जमील ही शिडी अगदी वरपर्यंत चढले, म्हणून बोलावणे आले तेव्हा त्यांच्याकडे कागद तयार होता. हुन्नर असूनही कागद नाही म्हणून मागे राहिलेले माजी खेळाडू मुंबईत आणि गोव्यात पुष्कळ आहेत. विदर्भात तर मोजायलाच नकोत.

'डी' परवान्याचा वर्ग आठवडाभराचाही नसतो. त्यासाठी मैदान लागते, वीस-पंचवीस उमेदवार लागतात आणि राज्याच्या संघटनेकडून, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून, एक शिक्षक लागतो. हे पुस्तक वाचून झाल्यावर जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांनी आणि खेळणे थांबवलेल्या जुन्या खेळाडूंनी जिल्हा फुटबॉल संघटनेकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे एक लेखी अर्ज द्यावा : वर्ध्यात असा वर्ग घ्या, तो मराठीत किंवा हिंदीत घ्या आणि पावसाळा सोडून घ्या. अर्जावर पंचवीस सह्या जमल्या तर नाही म्हणायला कोणालाच जड जाईल. पहिली सही करायला मी तयार आहे.